पोत्यातली जपानी गोष्ट

भाकरी थापत असाल तर थापत राहा, रेडिओ तेवढा जवळ घ्या.

मागच्या खेपेला मी बँकेच्या कर्जाच्या नूतनीकरणावर बोलले होते. त्यावर आपल्याच गटांतल्या चौघींचा केंद्रावर निरोप आला, की ताईला सांगा, कधीतरी हप्ते सोडून बोल. मग इथल्या मुली म्हणाल्या, 'माझ्या आवडीचं पुस्तक' अशी मालिका चाललीय, त्यात बोला. मी पुस्तकाचं नाव सांगितलं तर काचेपलीकडे बसलेली पोरगी हसलीच. म्हणाली, "ताई, ते चित्रांचं? मारामारीचं?" हो बाई, तेच. जपानी आहे, चित्रांचं आहे आणि पहिल्या पाच-सहाशे पानांत मुडदेच मुडदे आहेत.

जपानमध्ये चित्रकथेला मांगा म्हणतात. आपल्याकडे चित्रांची पुस्तकं म्हणजे लेकरांची, असं आपण धरून चालतो. तिकडे तसं नाही. मोठ्या माणसांसाठी वेगळ्या मांगा असतात, साप्ताहिकांत क्रमशः छापतात, मग त्याची पुस्तकं होतात. मी सांगतेय त्या मांगाचं नाव 'व्हॅगाबाँड'. म्हणजे भटक्या. काढणाऱ्याचं नाव ताकेहिको इनोउए. १९९८ साली 'मॉर्निंग' नावाच्या साप्ताहिकात ती सुरू झाली आणि तिचे सदतीस भाग निघाले. गोष्ट मियामोतो मुसाशी या तलवारबहाद्दराची. हा माणूस खरोखरचा होऊन गेला, आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या बालपणाचा काळ, तेव्हा तो म्हातारा होऊन १६४५ साली वारला. त्याच्यावर एइजी योशिकावा यांनी कादंबरी लिहिली, ती १९३५ ते १९३९ जपानच्या एका मोठ्या वर्तमानपत्रात रोज थोडी थोडी छापून यायची. त्या कादंबरीवरून ही मांगा. सामुराई म्हणजे सरदाराच्या पदरी असलेला लढवय्या. पण मुसाशीला कोणी धनी नाही. म्हणून भटक्या.

आता हे माझ्या हातात कसं आलं? माझा धाकटा भाऊ पुण्यात डिप्लोमा करत होता. २००९ च्या दिवाळीला तो घरी आला तेव्हा फराळाला पिशवी आणायची सोडून पाच जाडजूड पुस्तकं घेऊन आला. इंग्रजी होती. एकेकात तीन भाग एकत्र बांधलेले. आईने विचारलं, नोकरीच्या परीक्षेची का? तो म्हणाला, हो. मी त्या साली बीए झाले होते आणि स्थळं बघणं चालू होतं, म्हणजे दिवसभर मला घरात बसण्याशिवाय काम नव्हतं. मी पुस्तक उघडलं तर शेवटचं पान निघालं. भाऊ म्हणाला, "ताई, उलटीकडून. उजवीकडून डावीकडे वाचायचं." जपानी लोक तसं वाचतात आणि इंग्रजीतही चित्रांची मांडणी तशीच ठेवलेली. सवय लागायला मला दोन दिवस गेले. डोळा सारखा चुकीच्या चौकटीवर जायचा, आधी उत्तर वाचायचे आणि मग प्रश्न.

गोष्ट अशी सुरू होते. १६०० साल, सेकिगाहाराची मोठी लढाई संपलेली. चिखलात प्रेतं पडलीत आणि त्या प्रेतांत दोन सतरा वर्षांची पोरं जिवंत आहेत. ताकेझो आणि त्याचा मित्र माताहाची. नाव कमवायला घरातून निघाले आणि हरलेल्या बाजूला सापडले. हाच ताकेझो पुढे मुसाशी होतो. गावात माताहाचीची वाग्दत्त वधू आहे, ओत्सू, देवळात वाढलेली अनाथ मुलगी, बासरी वाजवते. आणि माताहाचीची आई आहे, ओसुगी. तिच्याकडे मी नंतर येते, ती बाई सोडण्यासारखी नाही.

तेव्हा मला फक्त मुसाशी दिसायचा. कोण जिंकणार, कुणाला कसं मारणार. बापाने त्याला कधी जवळ केलं नाही, गावाने त्याला राक्षस म्हटलं, आणि तो एकटा सगळ्यांना पुरून उरतो. मला पाहायला येणारे लोक चहा पिऊन "कळवतो" म्हणून जायचे, आणि मी आत जाऊन मुसाशीने कुणाला तरी उभं चिरलेलं पान वाचायचे. त्याचा आनंद मला का व्हायचा, ते मी वेगळं सांगायला नको. पदराआड शब्दकोश असायचा. एक पान वाचायला कधी अर्धा तास लागे. आजीने एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, लग्नाच्या मुलीने हे रगत बघू नये."

आणि पाचव्या जाड पुस्तकात माझा हिरोच नाहीसा झाला. चौदाव्या भागापासून गोष्ट कोजिरो नावाच्या दुसऱ्याच माणसाकडे जाते. समुद्रात वाहत आलेलं बाळ, एका म्हाताऱ्या तलवारमास्तराला सापडतं, आणि ते ऐकूच येत नसलेलं, मुकं बाळ आहे. पानंच्या पानं कुणी बोलत नाही. मला रागच आला. मी एवढी डोळे फोडून तुझं वाचतेय आणि तू कुठे गेलास? भावाला म्हटलं, घेऊन जा तुझी पुस्तकं. मग २०१० मध्ये माझं लग्न झालं आणि मुसाशीचं काय झालं, हे मी सहा वर्षं कुणाला विचारलं नाही.

सहा वर्षांत काय काय झालं ते सांगत बसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तुमचंही तेच झालंय. मुलगा झाला, गटात आले, आधी लेखनिक, मग समन्वयक.

२०१६ आठवतं ना? लातूरला रेल्वेने पाणी आलं ते साल. आमच्याकडे टँकर रात्री दीडला यायचा, कधी तीनला. त्याच उन्हाळ्यात भावाची चेन्नईला बदली झाली. खोली रिकामी करताना त्याने सगळी पुस्तकं खताच्या पोत्यात भरून एसटीने माझ्याकडे पाठवली. बारा जाड आणि एक बारीक, सदतिसावा. फोनवर म्हणाला, "ताई, सांभाळ. शेवटचे दोन नाही वाचलेस तरी चालेल, त्यात नुसती शेती आहे. बोअर झालंय."

नुसती शेती! मी ते पोतं त्याच रात्री सोडलं.

टँकरची वाट बघत, घागरींच्या रांगेशेजारी, मोबाइलच्या उजेडात मी पहिल्यापासून सगळं वाचलं. आणि बघा, गंमत अशी, की पुस्तक तेच, चित्रं तीच, पण माझं लक्ष भलतीकडे जायला लागलं. मुसाशी आला की मी पटापट पानं उलटायचे. मला माताहाची हवा असायचा. हा माताहाची म्हणजे खोटारडा. वाग्दत्त वधूला सोडून दुसऱ्या बाईच्या नादी लागला. पुढे कोजिरोचा दाखला त्याच्या हाती लागतो, तर हा स्वतःच कोजिरो म्हणून मिरवतो, फुकट जेवतो. पहिल्या वाचनात मला त्याची किळस होती. आता वाटलं, अरे, हा तर आपल्या वस्तीवरचा आहे. असे दोघे-तिघे प्रत्येक गावात आहेत आणि त्यांच्या बायका आपल्या गटात आहेत. आणि त्याची आई, ती ओसुगी! पोरगा बिघडला तो मुसाशीमुळेच, असं धरून ती म्हातारी तलवार घेऊन मुसाशीच्या मागे देशभर फिरते. पोराचा दोष दिसतच नाही तिला. लग्नाआधी मला ती विनोदी वाटायची. सासूबाईंसोबत सहा वर्षं काढल्यावर मला ती कळली. शेवटी ती थकते आणि तो खोटारडा मुलगा मरणाला टेकलेल्या आईला पाठीवर घेऊन चालतो. ते वाचताना टँकर आला, रांग पुढे सरकली आणि माझी घागर मागे राहिली.

ओत्सूबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती मी इथे नोंदवते. एवढी सात हजारांच्या आसपास पानं, आणि त्या पोरीच्या वाट्याला वाट बघणंच फार. काढणाऱ्याने तिचा चेहरा सुंदर काढलाय, पण चेहऱ्याने काय होतं?

कोजिरोचे भाग, ज्यांच्यावरून मी वाचणं टाकलं होतं, ते एका रात्रीत झाले. बोलणंच नाही म्हटल्यावर शब्दकोशही नको. तिथून इनोउए यांनी टाक सोडून कुंचल्याने काढायला घेतलं, असं भावाने सांगितलं होतं. मला चित्रकलेतलं कळत नाही, पण पाऊस आणि गवत पाहताना फरक जाणवतो. रेघ ओली वाटते.

मग मुसाशी क्योतोच्या योशिओका घराण्याच्या सत्तर जणांशी एकटा लढतो. भावाचं सगळ्यात आवडतं. मी ते वाचलं, पण मला सत्तराव्यापर्यंत मोजवेना. जिंकतो तो, पण पाय कायमचा दुखावून घेतो, आणि त्याच्या तोंडावर जिंकल्याचं काही नाही. सत्तर घरांतलं एकेक माणूस गेलं, असंच माझ्या मनात येत राहिलं.

आणि मग ती शेती.

मुसाशी फिरत फिरत एका उजाड गावात येतो. तिथे इओरी नावाचा मुलगा, त्याचा बाप नुकताच वारलाय, घरात दुसरं कोणी नाही. मुसाशी त्याच्यासोबत राहतो आणि पडीक रान लागवडीला आणायचं ठरवतो. आता हा देशातला नामी तलवारबाज, आणि खोरं कसं धरायचं ते त्याला कळत नाही. जमिनीशी तो भांडायलाच निघतो. मैत्रिणींनो, मी टँकरच्या रांगेत मोठ्याने हसले. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, काय झालं गं? मी चित्र दाखवलं. काकूंना इंग्रजी येत नाही, वाचायलाच येत नाही, पण त्यांनी एक चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याला कुणीतरी सांगा, पाण्याच्या कलाने जायचं असतं." पुढे गावातला एक जाणता म्हातारा त्याला शिकवतो, ते थोडंफार हेच. काकूंनी एका चित्रात जे ओळखलं, ते शिकायला मुसाशीला कित्येक पानं लागली.

शेती भाताची आहे. आपल्याकडे सोयाबीन आणि तूर, भाताची लावणी मी कोकणात अभ्यासदौऱ्याला गेलो तेव्हाच पाहिली. पण उपासमार सगळीकडे सारखी. त्या गावात पीक हातचं जातं, हिवाळा येतो, आणि माणसं एकेक करून मरायला लागतात. तलवारीचा काही उपयोग नाही. त्याआधी होसोकावा या बड्या सरदार घराण्याचा एक वजनदार माणूस मुसाशीला आपल्याकडे तलवार शिकवायला न्यायला आलेला असतो आणि मुसाशी जायला तयार नसतो. कुणाची चाकरी नको त्याला. पण गाव मरायला लागल्यावर तो त्याच माणसापुढे जमिनीला डोकं टेकतो आणि धान्य मागतो. आम्हाला मदत करा म्हणतो. त्याबदल्यात जायला तयार होतो.

त्या पानावर मी थांबले आणि पुस्तक मिटलं. त्याचं कारण सांगते. हे मी आजवर बैठकीबाहेर बोलले नव्हते, पण आज बोलते.

त्या उन्हाळ्याआधी आम्ही दोन बोअर मारले होते. दोन्हींतून फुफाटाच निघाला. मालकांनी नातेवाइकांकडून उचलले होते, ते परत मागायला लागले. तेव्हा मी एका खासगी फायनान्सकडून चाळीस हजार घेतले. आठवड्याचा हप्ता. आणि मी कोण? दर बैठकीत उभी राहून तुम्हाला सांगणारी, की आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज काढू नका, आधी गटात मागा. शेजारच्या तालुक्यातल्या शाखेतून घेतलं, म्हणजे इथे कुणाला कळू नये. तीन हप्ते थकले. वसुलीचा माणूस घरी यायच्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या गावाची बैठक लावायचे आणि त्याच्यासमोर मालकांना एकटं सोडायचे. गटात मागायला जीभ रेटत नव्हती. बाकीच्या मागतात, मी मंजूर करून देते, माझं मागणं कुठल्या तोंडाने?

पुस्तक वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी सुधारले, असं काही झालं नाही. अजून दोन आठवडे गेले. चौथा, पाचवा हप्ता थकला. पण ते पान मनातून जात नव्हतं, हे खरं. सत्तर माणसं कापताना ज्याचा हात थांबला नाही, त्याला वाकायला किती पानं लागली, हे मी मोजत होते.

मासिक बैठकीत, सगळ्यांचे अर्ज झाल्यावर, इतिवृत्त लिहायच्या आधी मी सांगितलं. फायनान्सचं नाव, रक्कम, थकबाकी. खाली बघून सांगितलं. कुणी काही बोलेना. मग एक वहिनी म्हणाली, "आम्हाला शिकवायची तू आणि स्वतः हे?" तिचं बरोबर होतं. अध्यक्ष मावशींनी विचारलं, "किती दिल्याने थकलेलं निघेल?" पंधरा हजार अंतर्गत कर्ज मंजूर झालं, सगळ्यांना असतं त्याच दोन टक्के महिना व्याजाने, दहा महिन्यांत फेडायचं. आणि त्या वहिनीने आणखी एक लिहून घ्यायला लावलं, की वर्षभर कुणाच्याही कर्जाच्या अर्जावर ताईचं मत घ्यायचं नाही. मी ते माझ्याच हाताने इतिवृत्तात लिहिलं. ते वर्ष मला फार जड गेलं. ती वहिनी पुढे दोन वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलली. आता बोलते. आज ऐकत असेल तर ऐकू दे.

त्यानंतर मी उरलेलं वाचलं. गावाला धान्य मिळतं, पेरणी होते, पीक उभं राहतं. मुसाशी आणि इओरी कोकुराकडे जायला निघतात. आणि तिथून थोडं पुढे गोष्ट थांबते. थांबते म्हणजे संपत नाही. मुसाशी आणि कोजिरो यांची बेटावरची ती प्रसिद्ध लढाई, जिच्यासाठी लोक एवढी वर्षं वाचत आले, ती आलेलीच नाही. आधी २०१० मध्ये इनोउए यांनी तब्येतीमुळे काम थांबवलं होतं, २०१२ मध्ये पुन्हा सुरू केलं. २०१५ च्या मे महिन्यानंतर मात्र पुढचं प्रकरण आलं नाही. मधल्या काळात त्यांनी त्यांच्या आधीच्या, बास्केटबॉलवरच्या मांगावर सिनेमा केला, २०२२ साली. भाऊ तो सिनेमा बघून आला आणि फोनवर चिडला, "सिनेमाला वेळ आहे, मुसाशीला नाही."

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही त्याला विचारायचे, आलं का काही? आता नाही विचारत. रुची गेली म्हणा हवं तर. मला त्या लढाईत कोण जिंकतं त्याचं काही पडलेलं नाही, ते इतिहासात लिहिलेलंच आहे. इओरीने पुढच्या साली ते रान कुणाच्या हवाली केलं, ते मात्र मला कळायला हवं होतं. ते कुणी काढणार नाही. भाऊ म्हणतो, ताई, तू चुकीचं पुस्तक वाचलंस. असेल.

आता माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याला कपाटाच्या वरच्या फळीवर ते पोतं सापडलं. ही पुस्तकं लेकरांची नव्हेत, त्यात नको ती चित्रंही आहेत, म्हणून मी पहिले अकरा कुलपात टाकले आणि त्याला शेवटचे दोन दिले. दोन दिवस वाचून तो आला. म्हणाला, "आई, यात तर नुसतं खोदतात. हे आपल्या घरी रोजच आहे. मारामारीचं कुठे आहे?" मी म्हटलं, दहावी झाल्यावर. तेव्हापासून तो कुलपाची किल्ली शोधतोय. डाळीच्या डब्यात आहे, पण हे रेडिओवर बोलून मी चूक केली, तो शाळेतून आल्यावर हेच लावतो. आज जागा बदलायला हवी.

पुढच्या महिन्यात पुन्हा कर्जाच्या नूतनीकरणावर बोलणार आहे. गेल्या वेळी अर्धंच झालं होतं. येताना पासबुकं भरून आणा. नमस्कार.